दगडापेक्षा व्हॅम्पायर मऊ

"व्हॅम्पायर रोमान्स वाचते" असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठराविक हसू येतं, आणि पुढे "पण जुन्या काळातलेच हां, म्हणजे १८१५चं लंडन, १७४०चं पॅरिस वगैरे" असं जोडलं की ते हसू अजून रुंद होतं, कारण आता त्यांची खात्रीच पटलेली असते की बाईंना घोडागाडी, झुंबरं, कॉर्सेट आणि वर सुळे असं सगळं एकाच पुस्तकात हवंय. हवंच आहे, नाही कुठे म्हणते मी. पण हेच सुळे आजच्या काळातल्या कॉलेजात किंवा नाईटक्लबात आणून ठेवले ना, की मला थोड्याच पानांत जांभया यायला लागतात, आणि असं का होतं यावर मी बराच विचार केलाय (रिकामा वेळ, दुसरं काय).

माझं म्हणणं असं की या पुस्तकांतला खरा व्हिलन तो काळच असतो.

आजच्या काळातली हिरॉईन घ्या. तिला नोकरी आहे, फोन आहे, स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप आहे, आणि तिच्या ओळखीतला सगळ्यात धोकादायक पुरुष म्हणजे हा तीनशे वर्षांचा रक्तपिपासू. मग ती त्याच्या प्रेमात का पडते हे पटवून द्यायला लेखिकेला जीव काढावा लागतो, आणि तरी आपण वाचताना सारखे मनात ओरडत असतो की अगं बाई, पळ की. १८१५ साली पळणार कुठे? तेव्हाच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईला कायद्याच्या लेखी वेगळं अस्तित्वच उरायचं नाही, तिच्याकडचे पैसे, दागिने, तिने पुढे कमावलेलं काहीही, सगळं नवऱ्याचं. पैसेवाले बाप वकील गाठून ट्रस्ट वगैरे करून ठेवायचे, पण ते सांभाळायलाही बहुतेक वेळा कुणीतरी काका नाहीतर मामा. मुलं बापाची, आईला लहान मुलांचा ताबा मागायला कोर्टात जायची सोय झाली १८३९ मध्ये. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर १८५७पर्यंत पार्लमेंटकडून खास तुमच्यापुरता वेगळा कायदा पास करून आणायचा. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिच्याच नावावर राहील हा कायदा नीट आला तो १८८२ मध्ये. आणि नवऱ्याने बायकोवर केलेली बळजबरी हासुद्धा बलात्कारच, हे हाऊस ऑफ लॉर्ड्सने स्पष्ट केलं १९९१ साली. एकोणीसशे एक्याण्णव. टायपो नाहीये.

आता या सगळ्यात त्या बिचारीसमोर स्थळं कोणती येतात बघा. एक लांबचा चुलत भाऊ, ज्याच्या नावावर बापाची सगळी इस्टेट जाणार आहे आणि ते त्याला चांगलं माहितीये. एक पन्नाशीचा विधुर, ज्याला बायको नको, चार पोरांना सांभाळणारी पाहिजे. आणि एक देखणा जुगारी, ज्याचा डोळा हुंड्यावर. या रांगेत शेवटी एक फिकट चेहऱ्याचा काऊंट उभा आहे, तो दिवसा कधी दिसत नाही, जेवणाला हात लावत नाही, त्याच्याबद्दल गावात नाही नाही ते बोललं जातं, पण तो तिला विचारतो की तुम्ही हल्ली काय वाचताय, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात ते हेच. तुम्ही कुणाला निवडाल मला माहीत नाही, मी तर गाडी जोडायला सांगितली असती.

आणि यातली खरी मजा नियमांची आहे. व्हॅम्पायरला घरातल्या कुणीतरी आत बोलावल्याशिवाय पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही, हा नियम १८९७च्या 'ड्रॅक्युला'त व्हॅम्पायरच्या मागावर असलेला व्हॅन हेलसिंग स्वतः सांगतो. आज हा नियम कसातरीच वाटतो, कारण आज दारात उभ्या माणसाला आपण आयहोलमधून बघून परत पाठवतो. पण त्या काळच्या उच्चभ्रू लंडनमध्ये हा नियम सगळ्यांनाच लागू होता! ओळख करून दिल्याशिवाय बोलायचं नाही, कार्ड पाठवल्याशिवाय भेटायला जायचं नाही, आणि अल्मॅक्ससारख्या ठिकाणी बुधवारच्या नाचाला जायचं तर तिथल्या ठरावीक बड्या बायकांनी मंजूर केलेलं व्हाऊचर लागायचं, ते नसेल तर तुम्ही कितीही मोठे सरदार असा, दार बंद. म्हणजे आमंत्रणाची वाट बघत बाहेर ताटकळणं हे फक्त आपल्या हिरोच्याच नशिबी नव्हतं. त्यामुळे तो त्या समाजात इतका चपखल बसतो की कुणाला संशयच येत नाही. आणि एकदा का आमंत्रण मिळालं, की मग काय, यजमानाने त्याला बाहेर काढणं हे असभ्यपणाचं. 'कार्मिला' (१८७१-७२ मध्ये क्रमशः छापली गेलेली लघुकादंबरी) मध्ये तर व्हॅम्पायर घरात शिरते ती चक्क पाहुणी म्हणून, गाडीला अपघात होतो, आई म्हणते मला तातडीने पुढे जायचंय, आणि सज्जन यजमान स्वतःच म्हणतात की मुलीला आमच्याकडे राहू द्या. भोवतो तो पाहुणचार.

रात्रीचंही तसंच. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हा नियम जुना वाटतो पण तो आला १९२२च्या 'नोस्फेराटू' या मूकपटातून, पुस्तकातला ड्रॅक्युला भर दिवसा पिकॅडिलीत फिरताना दिसतो. पण हा नवा नियम जुन्या काळाला असा काही फिट्ट बसला की विचारू नका. मोठ्या घरचे नाच रात्री उशिरा सुरू व्हायचे, मध्यरात्रीनंतर जेवण, आणि उजाडता उजाडता गाड्या परत. मंडळी दुपारपर्यंत लोळत पडलेली. अशा लोकांत एखादा फक्त रात्रीच भेटतो यात खटकण्यासारखं काय आहे? खेड्याकडे तर पौर्णिमा बघून नाच ठरवायचे, कारण रस्त्यावर दिवे नव्हते आणि घोड्यांना चांदणं लागायचं. आता जरा विचार करा, की अख्ख्या जिल्ह्यातल्या लग्नाच्या मुली महिन्यातून एकदा, चांदण्यात, एकाच घरात जमतात. व्हॅम्पायरला अजून काय पाहिजे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो हातमोज्यांचा सीन, आणि हा सीन या जॉनरमध्ये इतक्या वेळा येतो की आता तर मी त्याची वाट बघते. नाचताना दोघांच्याही हातात मोजे असायचे, त्यामुळे तास-दीड तास एकत्र नाचून, बोलून, भांडूनसुद्धा तिला कळलेलं नसतं की त्याचे हात गार आहेत. मग काहीतरी निमित्त होतं, तिच्या मोज्यावर मेण सांडतं किंवा वाईन, आणि तो मनगटाकडची बारीक मोत्याची बटणं एकेक करून सोडवायला लागतो, हळू, म्हणजे फारच हळू, कारण आत लगेच नाडी आहे आणि ती त्याला ऐकू येतेय, आणि ती बघतेय की या माणसाचा श्वास चालू नाहीये, पण त्याहून मोठा प्रश्न तिला हा पडलाय की खोलीचं दार उघडं आहे की बंद, कारण बंद असेल आणि मावशी आली तर उद्यापासून आपलं लग्न जमणं संपलं. वाचताना हसू येतं, पण ते हिशेब बरोबर आहेत. सुळ्यांनी एकदाच मरण येतं, अब्रू गेली तर रोज. याच सीनमध्ये आजच्या काळातले दोघं असते तर तिसऱ्या ओळीत कपडे काढून मोकळे झाले असते आणि मला पान उलटण्याचं कारण उरलं नसतं. एका बटणावर अर्धं पान खर्च करता यायला आधी बटणाला किंमत असावी लागते.

तशीच वॉल्ट्झची गंमत. १८१६ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने वॉल्ट्झवर सणसणीत टीका केली होती की असला अंगाला अंग लावून नाच आपल्या मुलींनी करायचा म्हणजे काय. आणि त्याच १८१६च्या उन्हाळ्यात, जो उन्हाळा नव्हताच कारण आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटून युरोपात थंडी आणि पावसाने कहर केला होता, जिनिव्हाच्या तळ्याकाठी एका बंगल्यात कवी लॉर्ड बायरन आणि मंडळी अडकून पडली आणि भुताच्या गोष्टी लिहायची टूम निघाली. मेरी शेलीच्या फ्रँकेनस्टाईनची सुरुवात तिथलीच, हे सगळ्यांना माहीत असतं. बायरननेही एक गोष्ट सुरू करून अर्धवट सोडली, तो धागा त्याच्या विशीतल्या डॉक्टरने, जॉन पोलिडोरीने उचलला, आणि १८१९ मध्ये ती गोष्ट मासिकात छापून आली तीही बायरनच्या नावावर. बिचारा.

ती गोष्ट ('द व्हॅम्पायर') मुद्दाम वाचा, छोटीच आहे. त्यातला लॉर्ड रुथवेन कबरीतून वगैरे येत नाही, लंडनच्या दिवाणखान्यांत वावरतो, बायका त्याच्याभोवती पिंगा घालतात. ऑब्रे नावाच्या तरुणाला त्याचं खरं रूप माहीत असतं पण त्याने वर्ष आणि एक दिवस तोंड न उघडण्याची शपथ घेतलेली असते. आणि रुथवेन काय करतो? दार फोडत नाही, खिडकीतून येत नाही, ऑब्रेच्याच बहिणीला रीतसर मागणी घालतो, पालकांना स्थळ पसंत पडतं, भाऊ आकांत करतो तर त्याला वेडा ठरवून खोलीत डांबतात, लग्न लागतं, नवरी मेलेली सापडते आणि नवरा गायब. म्हणजे इंग्रजीतल्या या पहिल्या व्हॅम्पायर कथेतच सगळं ठरून गेलं होतं, की खानदानी व्हॅम्पायरला सुळ्यांची गरजच नाही, विवाहसंस्था पुरते. आणि एका सभ्य गृहस्थाचा शब्द बहिणीच्या जिवापेक्षा मोठा. मला आजचे व्हॅम्पायर रोमान्स हे पोलिडोरीला दिलेलं उत्तर वाटतात, त्याच दिवाणखान्यात, तेच पालक, तीच घाई, फक्त या वेळी मुलीला सगळं आधीच माहितीये आणि निर्णय तिचा आहे.

त्याआधीच्या व्हॅम्पायरमध्ये रोमान्सला काही वावच नव्हता. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात (तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात) पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला आणि पाठोपाठ गावात माणसं मरायला लागली, लोक म्हणाले हाच रात्री येऊन गळा दाबतोय, सरकारी अधिकाऱ्याला उभं करून कबर उकरली, मेख ठोकली, जाळला, आणि त्या अधिकाऱ्याने रिपोर्ट लिहिला म्हणून आपल्याला कळतं. त्यात एक बारीक तपशील आहे जो मी कधी विसरत नाही, की हा मेलेला नवरा बायकोकडे आला म्हणे, आणि त्याने काय मागितलं तर आपल्या चपला. प्रेम नाही, रक्त नाही, चपला. मेल्यावरही घरात येऊन "माझं ते कुठे ठेवलंस" हेच. आणि ती बाई गाव सोडून निघून गेली. जिवंत असता तर तिला असं जाता आलं असतं का, याची मला दाट शंका आहे. पुढे अशा प्रकरणांचं इतकं पेव फुटलं की १७५५ मध्ये महाराणी मारिया थेरेसाने आपल्या राजवैद्याला, व्हान स्वीटनला, चौकशी करायला लावली आणि मग ही प्रेतं उकरण्याची भानगड हुकूम काढून बंद केली.

तेव्हा सुजलेला शेतकरी ते देखणा काऊंट हा प्रवास लेखकांनी घडवलाय, आणि तो सरळ नाहीये. 'ड्रॅक्युला'तला मूळ काऊंट कुणी नीट वाचलाय का? जाड मिशा, तळहातावर केस, तोंडाला वास. एके संध्याकाळी तो कोचावर पडून काय वाचत असतो तर इंग्लंडच्या रेल्वेचं टाइमटेबल. (हा माझा त्या अख्ख्या कादंबरीतला लाडका क्षण.) पण त्याच पुस्तकात एक जागा आहे जिथून पुढचा सगळा रोमान्स उगवला असं मला वाटतं, तो जुन्या लढायांबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या वाड्यात आलेल्या हार्कर या इंग्रज वकिलाला जाणवतं की हा असं बोलतोय जणू प्रत्येक लढाईत स्वतः हजर होता. बास. इतिहास पुस्तकातून वाचलेला माणूस वेगळा आणि ज्याच्या अंगावर तो पडलेला आहे तो वेगळा. चांगल्या लेखिकेचा व्हॅम्पायर प्लेगबद्दल एकच वाक्य बोलतो, की शेवटी शेवटी घंटा वाजवणारंही कुणी उरलं नव्हतं, आणि आपण गार. नाहीतर वाईट लेखिका, तिचा व्हॅम्पायर नेपोलियनला भेटलेला असतो, मोझार्टला भेटलेला असतो, सगळ्यांना भेटलेला असतो, नुसती नावं फेकत सुटतो.

१९७८ मध्ये चेल्सी क्विन यार्ब्रो यांनी 'होटेल ट्रान्सिल्व्हानिया' लिहिलं, पंधराव्या लुईच्या काळातलं पॅरिस, हिरो सेंट-जर्मेन (या नावाचा गूढ काऊंट तेव्हा खरंच युरोपभर मिरवत होता). त्यात हिरॉईनचा खरा शत्रू कोण? तिच्या बापाने तिच्या जन्माआधीच तिला सैतानपूजक सरदारांच्या टोळीला देऊन टाकलेलं असतं. बापाने. आणि तिला वाचवायला उभा राहतो तो व्हॅम्पायर. माझा सगळा मुद्दा त्या पुस्तकात आधीच आहे, मी उगाच एवढं टाईप करत बसलेय.

मरणाचाही हिशेब त्या काळात वेगळा. अमरत्व आज कुणी देऊ केलं तर मी आधी अटी वाचेन, पण घराघरात क्षयाने विशीतली पोरं खोकून मरतायत आणि औषध काहीच नाही, अशा वेळी? पांढरीफटक कातडी, गालावर लाली, तापाने चकाकणारे डोळे याला तेव्हा सौंदर्य समजायचे. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला १८८२ मध्ये, आणि तरी दहा वर्षांनी अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एक्झिटर गावात मर्सी ब्राऊन या १९ वर्षांच्या मुलीचं प्रेत बाहेर काढून तिचं हृदय जाळलं आणि ती राख आजारी भावाला पाजली. तो दोन महिन्यांत गेलाच. हे वाचलं की कळतं की अशा घरातली मुलगी "मला तुझ्यासारखी कर" म्हणते तेव्हा त्यात वेडेपणा नाहीये.

आता तक्रारी. बरीच पुस्तकं इतिहास फक्त कपड्यांपुरता वापरतात, आणि हा रोग जुनाच आहे, १८२० मध्ये लंडनच्या रंगमंचावर व्हॅम्पायरचं नाटक आलं ते स्कॉटलंडमध्ये घडतं, का, तर थिएटरकडे स्कॉटिश कपडे तयार पडले होते म्हणून! नाटककाराने विरोध केला, मालकाने ऐकलं नाही, आणि नाटक तुफान चाललं. तशीच ती आरशाची भानगड, काही लेखिका समजावून सांगतात की आरशामागे चांदी असते म्हणून व्हॅम्पायर दिसत नाही, पण १८१५चे आरसे कथील आणि पाऱ्याचे, चांदीचा मुलामा द्यायची लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची पद्धत आली १८३५ मध्ये. तुमच्या लॉजिकने हिरो आरशात व्यवस्थित दिसला पाहिजे ताई.

त्याहून मोठी तक्रार पैशाची. काऊंटचा वाडा, बग्गी, हिरे, कुठून आलं हे कुणी विचारत नाही. ॲन राईसच्या १९७६च्या कादंबरीतला व्हॅम्पायर लुई १७९१च्या लुइझियानातला निळीचा मळेवाला आहे, म्हणजे गुलामांचा मालक, आणि तो पुढे आपल्या आत्म्याबद्दल केवढा हळवा होतो, पण त्या गुलामांच्या रक्ताचं काय? फ्रेंच लेखक व्हॉल्तेरने अठराव्या शतकातच टोमणा मारला होता की लंडन-पॅरिसमध्ये व्हॅम्पायर नाहीत, पण भर दिवसा लोकांचं रक्त पिणारे सट्टेवाले आणि व्यापारी भरपूर आहेत, आणि ते मेलेलेही नाहीत. रोमान्सवाल्यांनी हे वाचलं असतं तर जॉनर जरा जाणता झाला असता.

आणि ती मोहिनी. तिच्या डोळ्यांत बघून तिला हवं तसं वागवणारा हिरो आला की माझं डोकं सटकतं, कारण मग तो दगडच झाला की, नवऱ्याला कायद्याने जे मिळायचं ते याला डोळ्यांनी मिळतं. गेल्या जन्मीची प्रेयसी वगैरे प्रकारही तसाच, तो हिच्या प्रेमात आहे की तिच्या तोंडवळ्याच्या? ताकद असून वापरत नाही आणि का वापरत नाही हे स्वतःलाही नीट सांगू शकत नाही, असा हिरो जमला तर पुस्तक जमलं.

पण सगळ्यात जास्त चिडचिड होते ती शेवटाने. तीनशे पानं आपण त्या मुलीला बाप, भाऊ, विधुर, जुगारी सगळ्यांतून सोडवत आणतो, आता ती रात्रीची राणी होणार, तिला ना मूल होताना मरायची भीती, ना मावशीची, आणि शेवटच्या प्रकरणात लेखिकेला काय सुचतं कुणास ठाऊक, कुठून तरी उतारा सापडतो, हिरो पुन्हा माणूस होतो, त्याचं हृदय धडधडायला लागतं, आणि सकाळच्या उन्हात दोघं चर्चमध्ये जाऊन रीतसर लग्न करतात. १८१५ साली. म्हणजे त्या क्षणी तिचं जे काही होतं ते कायद्याने त्याचं झालं. एवढं रक्त आटवून केलं काय, तर तिला परत त्याच रांगेत नेऊन उभं केलं.